टक्केवारीतले पूर्वज



२००८ आणि २००९ या दोन वर्षांत ‘अमेरिकन जर्नल ऑफ ह्यूमन जेनेटिक्स’ या एकाच नियतकालिकात एकाच प्रश्नाची तीन उत्तरे छापून आली. चीनच्या वायव्येला, शिनजियांगमध्ये राहणाऱ्या उइघुर लोकांमध्ये पश्चिमेकडच्या पूर्वजांचा वाटा किती आणि पूर्वेकडच्यांचा किती, असा तो प्रश्न. शांघायमधल्या शू शुहुआ आणि जिन ली यांच्या गटाने आधी फक्त २१ क्रमांकाचे गुणसूत्र तपासले. त्यावरच्या २०,१७७ खुणा पाहून त्यांनी युरोपीय वाटा ६० टक्के ठरवला, पूर्व आशियाई ४०. त्याच वर्षी त्यांनी सगळी गुणसूत्रे हिशेबात घेतली, तेव्हा काटा मधोमध आला: उत्तरेकडच्या नमुन्यात युरोपीय वाटा ४७, दक्षिणेकडच्या नमुन्यात ५२. पुढच्या वर्षी येल विद्यापीठातल्या गटाने आजूबाजूचे आणखी पुष्कळ समाज तुलनेला घेतले आणि तोच वाटा ३० टक्क्यांच्या आसपास आणून ठेवला.

तिन्ही वेळा माणसे उइघुरच होती. गणित करणारे जाणकार होते, यंत्रेही चांगली होती. तरी साठ, पन्नास आणि तीस. या तीन आकड्यांमधले अंतर मला आजच्या विषयाचे मर्म वाटते. जनुकांच्या खुणा साक्ष देतात, ती खोटी नसते. पण ज्यांच्याविषयी विचाराल त्यांच्याविषयीच देतात. तुलनेला कोणाला उभे करायचे हे विचारणारा ठरवतो. म्हणून विचारणारा कोण, आणि ज्याला विचारले जाते त्याला ‘नाही’ म्हणता येते का, हे प्रश्न शास्त्राबाहेरचे म्हणून बाजूला ठेवता येत नाहीत, असे माझे ठाम मत आहे.

आधी खूण म्हणजे काय ते पाहू. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. कोणतीही दोन माणसे घेतली, तर हजारात साधारण एका ठिकाणी त्यांचे अक्षर वेगळे निघते. अशी ठिकाणे खुणा म्हणून वापरतात. अशा बहुतेक ठिकाणी दिसणारी दोन्ही अक्षरे जगातल्या जवळजवळ प्रत्येक समाजात सापडतात. कमी-जास्त असते ते प्रमाण. २००२ साली नोआ रोझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५२ समाजांतल्या १,०५६ लोकांच्या ३७७ खुणा तपासल्या. त्यात आढळलेल्या एकूण विविधतेपैकी ९३ ते ९५ टक्के विविधता एकाच समाजातल्या माणसा-माणसांत होती. खंडाखंडांच्या मोठ्या गटांमधला फरक ३ ते ५ टक्के. पूर्वज शोधण्याचा सगळा खटाटोप या ३ ते ५ टक्क्यांवर उभा आहे. त्या जागतिक संग्रहात उइघुर होते दहा. पुढची कित्येक वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांसाठी ‘उइघुर’ म्हणजे हे दहा जण.

काही थोड्या खुणा मात्र ठळक असतात. ईडीएआर नावाच्या जनुकातला एक बदल पूर्व आशियात बहुतेकांमध्ये आढळतो आणि युरोप-आफ्रिकेत जवळजवळ नसतो. केसांची जाडी आणि पुढच्या दातांची मागून खोलगट असलेली ठेवण यांच्याशी त्याचा संबंध आहे. उइघुरांमध्ये त्याचे प्रमाण या दोन टोकांच्या मध्ये पडते. दुसरे उदाहरण त्वचेचा वर्ण उजळ करणाऱ्या एसएलसी२४ए५ या जनुकाचे. त्यातला बदल युरोपात जवळपास सर्वांत आहे म्हणून त्याला ‘युरोपीय खूण’ म्हणण्याची सवय पडली. पण तोच बदल भारतातही दूरवर पसरलेला आहे, या सभागृहातही अनेकांच्या अंगात असणार. ज्या यादीत भारताचा नमुना नाही, ती यादी तुम्हाआम्हाला त्या एका खुणेपुरते बेधडक युरोपीय ठरवील. उइघुरांच्या बाबतीत नेमके असेच घडले. त्या काळात ‘युरोप’ म्हणून सर्रास वापरला जाणारा नमुना अमेरिकेतल्या युटा राज्यातला होता. तिथल्या, मूळच्या उत्तर-पश्चिम युरोपातल्या कुटुंबांचा. तक्लामकान वाळवंटाच्या काठावर राहणाऱ्या शेतकऱ्याचे पूर्वज मोजायला युटातली कुटुंबे एका बाजूला आणि चिनी-जपानी दुसऱ्या बाजूला ठेवली, तर तो शेतकरी दोघांच्या मध्ये पडणारच. इराण, पामीर, सायबेरिया आणि सिंधूचे खोरे हे त्याचे खरे शेजारी तेव्हा मोजमापात नव्हतेच.

मिश्रण कधी झाले, हे काढण्याची पद्धत मला फार सुंदर वाटते. आईवडिलांकडून आलेली गुणसूत्रे प्रत्येक पिढीत एकमेकांत तुकड्यांची अदलाबदल करतात. दोन समाज पहिल्यांदा एकत्र येतात तेव्हा त्यांच्या वंशजांत प्रत्येक बाजूचे तुकडे लांबलचक असतात. पिढ्या उलटतात तसे ते तुटत तुटत आखूड होतात. तुकड्याची लांबी मोजली की पिढ्यांची संख्या कळते. शांघायच्या पहिल्या अभ्यासात ती १२६ पिढ्या आली आणि एका पिढीला २० वर्षे धरून २,५२० वर्षे असा निर्वाळा दिला गेला. आता एका पिढीला ३० वर्षे धरून पाहा: ३,७८० वर्षे होतात. पहिली तारीख बुद्धाच्या काळाजवळची, दुसरी शिनजियांगमधल्याच तारिम खोऱ्यातल्या ब्राँझयुगीन थडग्यांच्या काळाजवळची. रक्ताच्या नमुन्यात काहीही बदललेले नाही. शिवाय या गणितात मिश्रण एकदाच, एका झटक्यात झाले असे गृहीत धरले होते. रेशीममार्गावरच्या, दर शतकात नवे घोडेस्वार आणि नवे व्यापारी पाहिलेल्या मुलखात असे एकाच झटक्यात काही घडले असेल, हे इतिहासाच्या कोणत्याही वाचकाला पटणे अवघड आहे.

२०१७ मध्ये त्याच शांघायच्या परंपरेतला एक मोठा अभ्यास आला. आता १४ ठिकाणचे ९५१ उइघुर होते आणि तुलनेला दोनाऐवजी चार दिशा. चित्र पार बदलले. पश्चिम युरेशियाशी नाते सांगणारा वाटा ठिकाणानुसार २५ ते ३७ टक्के, पूर्व आशियाई २९ ते ४७, सायबेरियाचा १५ ते १७ आणि दक्षिण आशियाई १२ ते २०. मिश्रणाच्या दोन लाटा दिसल्या: एक सुमारे ३,७५० वर्षांपूर्वीची, दुसरी सुमारे ७५० वर्षांपूर्वीची, म्हणजे मंगोल साम्राज्याच्या काळातली.

‘दक्षिण आशियाई १२ ते २०’ हे ऐकून आपले कान टवकारतात. पण हाही वाटा आजच्या दक्षिण आशियाई समाजांशी तुलना करून काढलेला आहे, आणि ते समाज स्वतःच मिश्र आहेत. आपल्या बाजूचा पुरावा इथे उपयोगी पडतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये राखीगढीच्या हडप्पाकालीन स्त्रीचा जनुकसंच प्रसिद्ध केला. तिच्यात इराणी पठाराशी दूरचे नाते असलेला एक प्राचीन प्रवाह होता, दक्षिण आशियातल्या शिकारी-संग्राहकांचा वाटा होता, आणि स्टेप म्हणजे गवताळ मैदानांतल्या पशुपालकांचा अंश नव्हता. तो अंश भारतीय उपखंडात नंतर, इसवी सनपूर्व २००० ते १५०० या काळात आला आणि त्याची वाट आजच्या कझाकस्तानातून जाते. याचा अर्थ, कझाक मैदानांवरून निघालेला एक प्रवाह दक्षिणेला आपल्यापर्यंत पोहोचला. त्याच कुळातले लोक पूर्वेला शिनजियांगमध्येही उतरले. त्यामुळे उइघुर आणि मराठी माणसात काही खुणा समान निघाल्या, तर कोणी काशगरहून पैठणला किंवा पैठणहून काशगरला गेले, असे त्यातून सिद्ध होत नाही. दोघांचा एक पूर्वज तिसऱ्याच ठिकाणी असू शकतो.

हा ‘तिसरा’ विसरला की काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण तारिम खोऱ्यातले आहे. तिथल्या कोरड्या, खारट वाळूत चार हजार वर्षांपूर्वीची प्रेते त्वचा, केस, पापण्या आणि लोकरी कपड्यांसह टिकली. स्वीडनच्या फोल्के बर्गमन यांनी १९३४ मध्ये शियाओहेची दफनभूमी जगापुढे आणली. लोलानजवळ १९८० मध्ये सापडलेली स्त्री ‘लोलानची सुंदरी’ म्हणून प्रसिद्ध झाली. नाक सरळ, केस पिंगट. पाश्चात्त्य लेखकांनी तिला युरोपातून आलेली म्हटले. अनेक उइघुरांना ती आपली आद्यमाता वाटली, कारण चिनी इतिहासकार सांगत होते की उइघुर इथे आले तेच मुळी नवव्या शतकात. प्रत्येक बाजूने तिच्या चेहऱ्यात आपला दावा वाचला.

२०२१ मध्ये ‘नेचर’ने तारिम खोऱ्यातल्या १३ प्रेतांचे जनुकसंच प्रसिद्ध केले, इसवी सनपूर्व २१०० ते १७०० या काळातले. त्यांच्या पूर्वजांपैकी सुमारे ७२ टक्के वाटा हिमयुगातल्या उत्तर युरेशियन शिकाऱ्यांशी जुळणारा निघाला. बैकल सरोवराजवळ माल्ता इथे २४ हजार वर्षांपूर्वी पुरलेला मुलगा ज्या लोकांपैकी होता, तेच हे शिकारी. उरलेला वाटा प्राचीन ईशान्य आशियाचा. स्टेपवरच्या पशुपालकांचे मिश्रण नाही, इराणच्या शेतकऱ्यांचे नाही. उत्तरेच्या झुंगारियातल्या, त्याहून जुन्या पाच सांगाड्यांत मात्र स्टेपचा वाटा स्पष्ट होता. तारिमची माणसे वंशाने एकाकी राहिली होती. पण दातांवरच्या किटणात दुधाची प्रथिने सापडली, आणि पश्चिमेचा गहू व पूर्वेचे भरडधान्य दोन्ही त्यांच्याकडे होते. शेजाऱ्यांकडून खाणेपिणे घेतले, लग्नसंबंध केले नाहीत. संस्कृती आणि वंश एकाच गाडीतून प्रवास करतात, हा आपला लाडका समज या एका पुराव्याने मोडला, म्हणून मला तो शोध फार मोलाचा वाटतो. ‘सुंदरी’च्या खोऱ्यातली ही माणसे ना युरोपची निघाली ना चीनची. आज जगात त्यांच्यासारखा एकही समाज उरलेला नाही. त्यांच्या पूर्वजांचा अंश मात्र उइघुर, कझाक, युरोपीय, अमेरिकेतले मूलनिवासी आणि आपण, सर्वांत थोडाथोडा सापडतो.

कझाकांकडे वळतो, कारण तिथे प्रश्नाला वेगळेच वळण मिळते. कझाक माणसाला आपली वंशावळ पाठ असते. बापाच्या बाजूचे सात पूर्वज सांगता आले पाहिजेत, आणि सात पिढ्यांच्या आत लग्न नाही. ही ‘झेती आता’ची चाल ऐकून आपल्याला सपिंडाचा सात पिढ्यांचा नियम आठवल्याशिवाय राहत नाही. या वंशावळीला ते ‘शेझिरे’ म्हणतात. त्यात कुटुंब, कुळी, टोळी आणि सर्वांत वर तीन ‘झुझ’: थोरला, मधला, धाकटा. सगळे शेवटी एका पूर्वजाला जाऊन मिळतात.

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, त्यामुळे शेझिरेची परीक्षा त्यावर घेता येते. रफाएल शे आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये पश्चिम उझबेकिस्तानातल्या पशुपालक समाजांत, कझाकांसह, ही परीक्षा घेतली. कुटुंब आणि कुळीच्या पातळीवर लोकांची आठवण खरी ठरली. एका कुळीतले पुरुष खरोखर काही पिढ्यांपूर्वीच्या एका पूर्वजाचे वंशज होते. टोळीच्या पातळीवर मात्र तसे दिसले नाही. टोळ्या अनेक कुळ्यांच्या एकत्र येण्याने झाल्या होत्या आणि एक समाईक पूर्वज त्यांनी नंतर स्वीकारला होता. यात कोणी लबाडी केली असे मी मानत नाही. एकत्र लढलेल्या, एकत्र कुरणे राखलेल्या माणसांनी आपल्या नात्याला भावकीचा आकार दिला. ते नाते तितकेच खरे आहे, फक्त ते वाय गुणसूत्रावर लिहिलेले नाही.

याच गुणसूत्राने एक प्रचंड गाजलेली गोष्टही जन्माला घातली. २००३ मध्ये तात्याना झेर्याल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की प्रशांत महासागरापासून कॅस्पियन समुद्रापर्यंतच्या विस्तीर्ण पट्ट्यात सुमारे ८ टक्के पुरुष एकाच वंशरेषेचे आहेत. ती सुमारे हजार वर्षांपूर्वी मंगोलियात फुटली असावी, आणि तिचा संबंध त्यांनी चंगीझखानाशी जोडला. वर्तमानपत्रांना याहून जास्त काय हवे होते? पण खानाची कबर सापडलेली नाही, त्याचा डीएनए कोणाकडे नाही. पुढे कझाकांच्या केरेई कुळीत ही रेषा तीन चतुर्थांशाहून अधिक पुरुषांत सापडली, तर २०१८ च्या सविस्तर अभ्यासाने ती खानाच्या घराण्याची नसून सामान्य मंगोल पुरुषांची असावी असे मत दिले. माझा कल या दुसऱ्या मताकडे आहे.

आईकडची बाजू वेगळे बोलते. मायटोकॉन्ड्रियल डीएनए फक्त आईकडून येतो. चीनमधल्या रेशीममार्गावरच्या समाजांचा २००४ चा अभ्यास पाहिला, तर पश्चिम युरेशियन मातृरेषा उइघुरांत ४२.६ टक्के आणि कझाकांत ३०.२ टक्के आहेत. दोन समाजांत फरक आहे, पण एखाद्या व्यक्तीच्या थेंबभर रक्तावरून ती उइघुर की कझाक हे ओळखायचे तर हा फरक फार तोकडा पडतो. सरासरीवरून समाजाबद्दल बोलता येते. माणसाबद्दल बोलायला लागलो की पायाखालची जमीन सरकते.

आणि ‘उइघुर’ व ‘कझाक’ ही नावे तरी किती जुनी? उइघुर खानत ७४४ मध्ये मंगोलियात स्थापन झाली, ८४० मध्ये किरगिझांनी ती मोडली, तेव्हा तिचे लोक तुर्फानच्या बाजूला सरकले. इस्लाम स्थिरावल्यानंतर हे नाव वापरातून गेले. लोक स्वतःला काशगरचे, खोतानचे, तुर्फानचे म्हणवू लागले. १९२१ मध्ये ताश्कंदच्या परिषदेत ते पुन्हा उचलले गेले आणि आजच्या अर्थाने रूढ झाले. कझाक खानतीचा आरंभ साधारण १४६५ पासून मानतात. ३,७५० वर्षांपूर्वीच्या मिश्रणातल्या एकाही माणसाने ही नावे ऐकलेली नव्हती. समाज घडतो भाषेने, धर्माने, राज्याने, अपमानाने आणि अभिमानाने. जनुके त्याआधीची असतात आणि त्याच्या सीमा पाळत नाहीत.

मिश्र समाज मोजण्याच्या या शास्त्राला एक काळीकुट्ट पूर्वपीठिका आहे आणि तिचा एक धागा पुण्याला येतो. जर्मन मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांनी १९०८ मध्ये आजच्या नामिबियात रेहोबोथ इथल्या मिश्र समाजाची मोजमापे घेतली. तेव्हा तो मुलूख जर्मन वसाहत होता. मोजून घेणाऱ्यांना नकाराची मोकळीक कितपत असेल, याची कल्पना करता येते. याच फिशरांच्या हाताखाली बर्लिनमध्ये पुण्याच्या इरावती कर्वे यांनी १९२८ ते १९३० या काळात पीएच.डी. केली. कवटीच्या दोन बाजूंमधली विषमता वंशानुसार बदलते का, हा त्यांचा विषय. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांतल्या काही आफ्रिकेतल्या वसाहतींतून आणलेल्या होत्या. तसा संबंध दिसत नाही, असे इरावतीबाईंनी लिहून दिले. गुरूला काय हवे होते ते त्यांना ठाऊक होते, हाताशी पट्टी आणि कंपास गुरूचेच होते, तरी मोजमाप जे म्हणाले तेच त्यांनी लिहिले. त्या धैर्याचा आपल्याला पुरेसा अभिमान वाटत नाही, याची मला खंत आहे.

नकाराच्या मोकळिकीचा तोच प्रश्न शिनजियांगमध्ये पुन्हा उभा राहतो. तिथे एक कोटी १६ लाखांच्या आसपास उइघुर आहेत आणि सुमारे १५ लाख कझाक. ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर केले की तिथे १२ ते ६५ वयाच्या सरसकट सर्वांचे डीएनए आणि रक्तगट यांची नोंद सरकार करत आहे. रक्त ‘सर्वांसाठी मोफत आरोग्य तपासणी’ या मोहिमेतून घेतले गेले. सरकारी वृत्तसंस्थेनेच त्या वर्षी या मोहिमेत १ कोटी ८८ लाख लोकांनी भाग घेतल्याचे सांगितले. तपासणीच्या रांगेतल्या बाईला आपले रक्त नेमके कशासाठी जाते हे कोणी सांगितले? ज्या वर्षी लाखो माणसे ‘प्रशिक्षण केंद्रां’च्या नावाखाली डांबली जात होती, त्या वर्षी रांगेतून बाहेर पडण्याचा अर्थ काय झाला असता? फेब्रुवारी २०१९ मध्ये थर्मो फिशर या अमेरिकी कंपनीने शिनजियांगमध्ये डीएनए ओळखीची यंत्रे विकणे थांबवले. मे २०२० मध्ये अमेरिकेने चीनच्या पोलीस मंत्रालयाची न्यायवैद्यक संस्था निर्बंधांच्या यादीत घातली. बेल्जियमचे शास्त्रज्ञ यीव्ह मोरो यांनी अशा नमुन्यांवरचा एकेक शोधनिबंध उकरून संपादकांना संमतीचे पुरावे मागितले, आणि काही निबंध मागे घेतले गेले.

त्या न्यायवैद्यक संस्थेचे आणि तिच्यासारख्या इतरांचे काम शास्त्रीयदृष्ट्या पाहिले तर ते याच व्याख्यानाच्या विषयावर आहे: थोड्या, निवडक खुणांचा संच घ्यायचा आणि अनोळखी नमुना कोणत्या समाजातला ते सांगायचे. खंड ओळखायला काही डझन खुणाही पुरतात. उइघुर आणि कझाक, उइघुर आणि उझबेक असे शेजारी वेगळे करायचे, तर त्या-त्या समाजातल्या माणसांचे प्रचंड संग्रह लागतात. म्हणजे शास्त्राची भूक आणि पोलिसांची भूक इथे एकच होते. २०१७ नंतर शिनजियांगमधल्या रक्तावर आधारलेले अशा संचांच्या अचूकतेचे आकडे प्रसिद्ध झाले आहेत. मी ते आज मुद्दाम सांगितलेले नाहीत. ज्या नमुन्यामागे नकाराची शक्यताच नव्हती, त्यावरची अचूकता मी तुमच्यापुढे कौतुकाने ठेवू शकत नाही.

आपल्याकडे २०१९ चे डीएनए विधेयक २०२३ मध्ये मागे घेतले गेले. पण २०२२ च्या गुन्हेगारी ओळखविषयक कायद्याने जैविक नमुने घेण्याची मुभा पोलिसांना दिलेली आहेच. मराठी वाचकांनी शिनजियांगकडे परमुलखातली बातमी म्हणून पाहू नये, हे सांगायला एवढे पुरे.

शेवटी रहिले दावुत यांच्याविषयी बोलतो. शिनजियांग विद्यापीठातल्या या उइघुर मानवशास्त्रज्ञ बाईंनी आयुष्य खर्चून वाळवंटाच्या काठावरचे मजार, म्हणजे संतांची आणि पूर्वजांची थडगी, हिंडून पाहिली. तिथे म्हटल्या जाणाऱ्या कथा आणि जत्रांच्या रीती नोंदवल्या. उइघुर लोक आपले पूर्वज कोणाला मानतात आणि का, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नव्हते. डिसेंबर २०१७ पासून त्या दिसेनाशा झाल्या; त्यांना जन्मठेप झाल्याचे २०२३ मध्ये बाहेर आले. उइघुरांच्या पूर्वजांविषयी त्यानंतर निघालेल्या जनुकशास्त्रीय निबंधांत बाईंची गैरहजेरी कोणी नोंदवलेली मला आढळली नाही. ती नोंद इथे या व्याख्यानमालेच्या छापील पुस्तिकेत असावी, म्हणून मी ती केली आहे.